‘येतो’ म्हणण्याआधी

मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्याचा कुणी हिशेब ठेवत नाही, कारण तो बहुधा येतोच. अमेरिकेतल्या एखाद्या चर्चची दहा-पंधरा जणांची तुकडी होंडुरासमध्ये आठवडाभर विटा रचून, मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगून निघते, तेव्हा तीही मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ‘परत येऊ’ म्हणते. शेवटच्या संध्याकाळी गाणी होतात, प्रार्थना होते. एकसारखे टी-शर्ट घातलेले पाहुणे आणि गावकरी एका फोटोत दाटीवाटीने उभे राहतात. सकाळी बसच्या दाराशी मुलं बिलगतात आणि पाहुण्यांना रडू फुटतं. ते रडू खोटं नसतं, पण ते ‘परत येऊ’ मात्र तपासून पाहायला हवं.

मिशनच्या कामातला मोठा निरोप पूर्वी दुसऱ्याच टोकाला, स्वतःच्या घरी घेतला जाई. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८२६ मध्ये महाराष्ट्रातच पटकीने गेले. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये आल्या, मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरला वारल्या. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल कुणाचं काहीही मत असो, घर सोडतानाच्या निरोपाची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. विमानाच्या काळात हे उलटलं. आता पाहुणा घरी परततो आणि पुन्हा पुन्हा निरोप देण्याचं काम यजमानांच्या वाट्याला येतं.

१९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये परदेशी तुकड्यांनी बांधलेल्या घरांचा कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने अभ्यास केला. स्थानिक संस्था साधारण दोन हजार डॉलरमध्ये जे घर उभारत, तसंच घर बांधायला येणाऱ्या तुकडीचा प्रवासासकट खर्च तीस हजारांच्या घरात जाई. घर कुणी बांधलं, यावरून तिथे राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. परतलेल्यांच्या देणग्यांत आणि सवयींतही मोठा, टिकाऊ बदल आढळला नाही. म्हणजे बसच्या दारातला तो गहिवर ज्याच्या भरवशावर क्षम्य ठरवला जातो, तो ‘पुढचा परिणाम’ बहुतेक वेळा घरी पोहोचेपर्यंत विरलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, यजमान स्वतःच बोलावतात, मग तुम्हाला काय अडचण? बोलावतात हे खरं आहे. पण पाहुण्यांबरोबर पैसाही येतो आणि ज्याच्या हाती पुढची देणगी आहे त्याला ‘येऊ नका’ कोण सांगेल? त्यामुळे निरोपाचा समारंभ जितका साग्रसंगीत, तितका तो यजमानांच्या मनातलं कमी सांगतो. मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर. लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये आफ्रिकेतल्या अनाथालयांविषयी लिहिताना हाच धोका दाखवला होता: आधीच माणसं गमावलेल्या मुलांना आठवड्याभराचा लळा लावायचा आणि निघून जायचं. मूल अनोळखी माणसाला पहिल्याच दिवशी मिठी मारतं, ते पाहुण्याला प्रेम वाटतं. बालसंगोपनातल्या जाणत्यांना त्यातच काळजीचं कारण दिसतं.

मग जाऊच नये की काय? असं मी म्हणत नाही. दरवर्षी त्याच गावी जाऊन तिथल्या माणसांच्या हाताखाली काम करणाऱ्या तुकड्याही आहेत आणि त्यांच्या तोंडी ‘येतो’ शोभतं. बाकीच्यांना बायबलमध्येच एक निरोप सापडेल. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल मिलेत येथे इफिसच्या मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतो. तीन वर्षं त्यांच्यात काढलेला हा माणूस सरळ सांगतो, की माझं तोंड तुम्हाला पुन्हा दिसणार नाही. आता कळप तुम्ही सांभाळायचा. रडणं त्यानंतरचं. सगळे त्याच्या गळ्यात पडून रडतात आणि त्याला जहाजापर्यंत पोहोचवायला जातात.