वीजपुरवठा खंडित होणे

वीजपुरवठा खंडित होणे म्हणजे ग्राहकापर्यंत पोहोचणारा विद्युतप्रवाह काही काळ पूर्णपणे थांबणे. बोलीभाषेत यास ‘लाइट जाणे’ असे म्हणतात. हा काळ काही सेकंदांपासून काही दिवसांपर्यंत असू शकतो. बिघाड घरात, वस्तीच्या रोहित्रावर किंवा संपूर्ण विद्युत जालात असू शकतो व त्यानुसार उपाय बदलतात. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील घरगुती पुरवठ्याचा विचार केला आहे.

पुरवठ्याची साखळी

वीजनिर्मिती केंद्रातील वीज ४०० किंवा २२० किलोव्होल्ट अशा अतिउच्च दाबाने दूर नेली जाते. उपकेंद्रांमध्ये हा दाब टप्प्याटप्प्याने उतरवून ती ३३, २२ किंवा ११ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर सोडली जाते. लोक ज्याला ‘डीपी’ म्हणतात, त्या रस्त्याकडेच्या रोहित्रात दाब आणखी कमी होतो आणि एक फेज व न्यूट्रल यांच्यामार्फत घरात सुमारे २३० व्होल्ट मिळतात. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाल्यानंतर निर्मिती, पारेषण व वितरण ही कामे अनुक्रमे महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्यांकडे आली. मुंबई शहरात बेस्ट उपक्रमासारखे अन्य वितरकही आहेत.

कारणे

घरातील बिघाड: एखादे उपकरण सदोष झाल्यास किंवा भार वाढल्यास एमसीबी खाली पडतो. विद्युतगळती झाल्यास आरसीसीबी पुरवठा तोडतो.

वाहिनीवरील बिघाड: पहिल्या पावसात असे प्रकार अधिक होतात. उन्हाने तापलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरांवर अचानक थंड पाणी पडल्याने त्यांना तडे जातात, तर साचलेली धूळ ओली होऊन त्यांवरून प्रवाह वाहू लागतो. वाऱ्याने फांद्या तारांना लागतात. अशा वेळी उपकेंद्रातील यंत्रणा वाहिनी आपोआप बंद करते. म्हणजेच अनेकदा वीज जाणे हा संरक्षणाचाच भाग असतो.

नियोजित खंड: देखभाल-दुरुस्तीसाठी पुरवठा पूर्वसूचना देऊन बंद ठेवला जातो.

भारनियमन: मागणीच्या तुलनेत वीज कमी पडल्यास वाहिन्या आळीपाळीने बंद ठेवल्या जातात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने २००५ नंतरच्या काही वर्षांत दीर्घ भारनियमन अनुभवले. पुढे वीजगळती व देयकवसुली यांच्या प्रमाणानुसार वाहिन्यांचे गट पाडून भारनियमनाचे तास ठरविण्यात आले. त्यामुळे नियमित देयक भरणाऱ्या ग्राहकासही वाहिनीवरील इतरांच्या थकबाकीमुळे अंधार सोसावा लागे, अशी टीका या पद्धतीवर झाली.

जालातील बिघाड: ३० व ३१ जुलै २०१२ रोजी भारतातील विद्युत जाल सलग दोन दिवस कोलमडले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील ६० कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश बाधित झाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसरातील वीज गेल्याने उपनगरी रेल्वेगाड्याही थांबल्या.

कारण ओळखणे

प्रथम शेजारच्या घरांत व रस्त्यावर दिवे आहेत का, हे पाहावे. केवळ एकाच घरात वीज नसल्यास एमसीबी तपासावा. सर्व उपकरणे बंद करून तो वर केल्यावरही तत्काळ पडत असेल, तर पुन्हापुन्हा प्रयत्न न करता जाणकार वीजतंत्र्यास बोलवावे. काही घरांत वीज आहे व काहींत नाही, असे असल्यास एखादा फेज गेलेला असू शकतो.

दिवे अचानक नेहमीपेक्षा प्रखर होणे व पंखे वेगाने फिरणे हे न्यूट्रल तुटल्याचे लक्षण असू शकते. अशा स्थितीत घरातील दाब २३० व्होल्टच्या पुष्कळ वर जाऊन उपकरणे जळतात. म्हणून मेन स्विच त्वरित बंद करावा.

खंडाच्या काळातील दक्षता

दूरदर्शन संच, संगणक, पाण्याचा पंप यांची बटणे बंद करून एक दिवा मात्र चालू ठेवावा, म्हणजे वीज आल्याचे समजते. प्रशीतक वारंवार उघडू नये. दार बंद राहिल्यास आतील थंडावा साधारण चार तास टिकतो. तक्रारीसाठी १९१२ हा निःशुल्क क्रमांक देशभर उपलब्ध असून, तक्रार नोंदविताना देयकावरील ग्राहक क्रमांक जवळ ठेवावा.

तुटून पडलेली तार मृत आहे असे कधीही गृहीत धरू नये. तारेभोवतीच्या ओल्या जमिनीतूनही प्रवाह पसरतो. अशा ठिकाणी अडकलेल्या व्यक्तीने पावले जवळजवळ ठेवून, जमिनीवरून घासत दूर जावे. रोहित्रावरील फ्यूज ग्राहकांनी स्वतः बसविण्याचे प्रकार जीवघेणे ठरतात.

पर्यायी व्यवस्था

इन्व्हर्टर: १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत १,८०० वॉट-तास ऊर्जा साठते. रूपांतरातील घट धरता ३०० वॉट भार सुमारे साडेचार तास चालू शकतो. शिसे-आम्ल बॅटरीतून प्रभारणाच्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी ठेवून तीत केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी भरावे.

जनित्र: याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू असतो, त्यामुळे ते घरात किंवा बंद जागेत चालवू नये. जनित्र चेंजओव्हर स्विचविना घरच्या तारांस जोडल्यास वीज उलट दिशेने रोहित्रात जाते व तेथे दाब वाढून मुख्य वाहिनीत उतरते. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा त्यामुळे मृत्यू ओढवू शकतो.

छतावरील सौर संच: जालाशी जोडलेला, बॅटरी नसलेला संच याच कारणास्तव वीज जाताच आपोआप बंद होतो. त्यामुळे भर दुपारीही त्याची वीज घरास मिळत नाही.

मापन व ग्राहकांचे हक्क

पुरवठ्याची विश्वसनीयता ‘सैदी’ या निर्देशांकाने मोजली जाते. १,००० ग्राहकांपैकी २०० जणांची वीज ३ तास गेल्यास एकूण ६०० ग्राहक-तास होतात व सरासरी प्रतिग्राहक ३६ मिनिटे येते. मात्र ही सरासरी बाधित २०० जणांचे तीन तास दाखवीत नाही, ही तिची मर्यादा होय.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ नुसार सेवेची ठरवून दिलेली मानके न पाळणारा वितरक भरपाई देण्यास पात्र ठरतो. तक्रारीचे निवारण न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच व त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे दाद मागता येते. त्यासाठी वीज गेल्याची व आल्याची वेळ, तसेच तक्रार क्रमांक यांची नोंद ग्राहकाने ठेवणे उपयुक्त ठरते.