पावसाळा आहे, पण समुद्र बंद नाही

पावसाळ्यात शिडाची बोट समुद्रात काढायची म्हटली, तर कोकणातला माणूस वेड्यात काढेल, आणि आपल्या किनाऱ्यापुरतं त्याचं बरोबरच आहे. जून लागला की नैऋत्येचा वारा बोटीला किनाऱ्याकडेच रेटत राहतो. म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या. पण हाच आडाखा सगळ्या उष्ण किनाऱ्यांना लावला की गफलत होते. कोस्टा रिका आणि पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मे ते नोव्हेंबर पावसाळा असतो, तरी शिडाच्या बोटींची ये-जा चालूच असते.

कारण पाऊस आला म्हणजे वारा आलाच, हे तिथे लागू नाही. कोस्टा रिकाच्या उत्तरेला जोराचा वारा सुटतो तो कोरड्या महिन्यांत. कॅरिबियनकडून येणारा हा वारा निकाराग्वा सरोवराच्या सखल पट्ट्यातून पॅसिफिकवर घुसतो. त्याला पापागायो म्हणतात, आणि कधीकधी तो ताशी ६० किलोमीटरच्याही पुढे जातो. पावसाळ्यात तो पडतो. मग तासन्‌तास शिडं लोंबकळतात आणि डिझेलचा हिशेब ठेवावा लागतो.

पाऊस दिवसभर कोसळतो, हाही समज चुकीचा. सकाळ बहुधा स्वच्छ असते. दुपारी डोंगरांवर ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडाट सुरू होतो. मध्येच काही दिवस उघडीप मिळते, तिला ‘वेरानियो’, म्हणजे छोटा उन्हाळा, म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबर मात्र सर्वांत ओले.

खरी भीती विजेची. डोलकाठीवर वीजवाहक बसवला की वीज पडत नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण मोकळ्या पाण्यावर डोलकाठीच सर्वांत उंच. वाहक विजेला पळवून लावत नाही, पाण्यात उतरायला जाड वाट करून देतो, म्हणजे बोटीच्या तळाला भोक पडण्याची शक्यता कमी होते. तरीही रेडिओ आणि जीपीएस जळू शकतात. म्हणून वादळ जवळ येताच सुटा जीपीएस, फोन आणि जादा रेडिओ स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ठेवतात, कारण चहूबाजूंनी बंद असलेली धातूची पेटी बरंच संरक्षण देते. माणसांनी डोलकाठी आणि तिच्या तारांपासून लांब बसायचं. मला ही तयारी शिडांच्या तयारीपेक्षाही आधी करायची वाटते.

चक्रीवादळांचं काय? पृथ्वीच्या फिरण्यातून वादळाला मिळणारी फिरकी विषुववृत्ताकडे क्षीण होत जाते. पनामा ७ ते १० अंश उत्तरेच्या दरम्यान आहे, त्यामुळे बहुतेक वादळं त्याच्या उत्तरेकडूनच जातात. पण वादळ कधीच येणार नाही, असं धरून चालू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘ऑटो’ हे चक्रीवादळ कॅरिबियनमधून आलं आणि निकाराग्वा-कोस्टा रिका ओलांडून पॅसिफिकमध्ये उतरलं.

वारा नाही म्हणून पाणी शांत, असंही नाही. इथल्या पावसाळ्यात दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. तिथल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून येतात आणि उघड्या किनाऱ्यावर नांगरलेली बोट रात्रभर हेलकावते. पाव्होनेसच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणारे याच लाटांसाठी येतात. निवारा हवा तर गोल्फो दुल्सेसारख्या आत वळलेल्या आखातात शिरावं. पण नद्यांनी वाहून आणलेले ओंडकेही तिथेच तरंगतात आणि अंधारात ते दिसत नाहीत. म्हणून जाणते लोक उजाडल्यावर नांगर उचलतात आणि ढग डोंगरावर चढायच्या आत पुढचा मुक्काम गाठतात.