विजया, वाहन आणि कायदा

गांजाच्या झाडाच्या भागागणिक कायद्याची मोजपट्टी बदलते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. शेंड्यांशिवायची पाने व बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे पानांच्या भांगेलाही परवाना लागतो. आयुर्वेदात भांग ‘विजया’ या नावाने औषधात वापरतात. औषध नियमावलीत ती विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असते आणि तशी सूचना वेष्टनावर छापावी लागते.

हे औषध घेणारा माणूस गाडी चालवू लागला की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ समोर येते. दारूची मर्यादा ठरलेली आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. अमली पदार्थांसाठी असा आकडा नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असेल, तरच गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ही कसोटी शास्त्राला धरून आहे. गांजातील टीएचसी हे द्रव्य चरबीत साठते. गुंगी काही तासांत उतरते, पण लघवीत त्याच्या खुणा कित्येक दिवस सापडतात. पोटातून घेतल्यास अंमल उशिरा चढतो आणि जास्त वेळ टिकतो. म्हणून नुसता अंश सापडणे हा नशेचा पुरावा ठरत नाही.

याउलट ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत लाळेत टीएचसी सापडले की डॉक्टरांची चिठ्ठी असूनही गुन्हा होतो. टास्मानियात रुग्णांना सवलत आहे. व्हिक्टोरियात मार्च २०२५ पासून अशा रुग्णांच्या लायसन्सचा निर्णय न्यायाधीशांवर सोपवला आहे. ब्रिटनने २०१५ मध्ये इंग्लंड व वेल्ससाठी रक्तातील टीएचसीची मर्यादा घातली, पण सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्या आणि अंमल नसताना गाडी चालवणाऱ्या रुग्णाला बचाव दिला.

आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातील बिद्रीत दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढतात. तिथे औषध घेऊन लगेच मोटारसायकलवर बसणारा धोकादायकच. त्याला रोखलेच पाहिजे. मात्र रात्री मात्रा घेऊन, झोप पूर्ण करून, अंमल उतरल्यावर कोल्हापूरला निघालेल्याला त्याच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. त्यासाठी चाल, तोल आणि प्रतिसाद तपासण्याची ठरलेली पद्धत, चिठ्ठीला मान्यता आणि किती तास गाडी चालवू नये याची वैद्याकडून लेखी सूचना हवी. कायद्याचे शब्द योग्य आहेत. ते रस्त्यावर राबवण्याची पद्धत तेवढी स्पष्ट व्हायला हवी.