रणभूमी-दर्शन आणि एका सैनिकाचा मागोवा : पश्चिम आघाडीवरील भारतीय सैनिकांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
पहिल्या महायुद्धातील (१९१४-१९१८) मृतांची गणना लाखांत होते. परंतु एवढ्या मोठ्या आकड्यातून एका मनुष्याच्या मृत्यूचा अर्थ उमगत नाही. त्यामुळे बेल्जियम व फ्रान्समधील जुन्या रणभूमींवर मार्गदर्शकासह निघणाऱ्या सहलींत अनेकदा एकाच सैनिकाची कहाणी निवडून त्याच्या वाटेने अभ्यागतांना नेले जाते. या पद्धतीचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पद्धतीचे स्वरूप :
मार्गदर्शकाची प्रमुख साधने तीन : पलटणीची युद्ध-दैनंदिनी, खंदकांचे नकाशे आणि १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी. दैनंदिनीवरून दिवस व वेळ, नकाशावरून जागा आणि नोंदींवरून समाधी किंवा स्मारकावरील नाव कळते. या तिन्हींचा मेळ घातला असता आजच्या शेतातील एखाद्या बांधाला ऐतिहासिक अर्थ प्राप्त होतो.

फ्रान्समधील न्यव्ह-शापेल हे याचे उत्तम उदाहरण होय. १० मार्च १९१५ रोजी येथील हल्ल्यात ३९ व्या गढवाल रायफल्सचे रायफलमन गबर सिंह नेगी यांनी, तुकडीचा नायक पडल्यावर नेतृत्व स्वीकारून शत्रूला खंदकातून मागे रेटले. त्यातच ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी ज्ञात नाही; १९२७ मध्ये उघडलेल्या तेथील भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक नावांत त्यांचे नाव आहे. हल्ल्याची जागा पाहून स्मारकाशी आलेल्या अभ्यागताला त्या यादीतील प्रत्येक नावामागे अशीच एक वाट असल्याची जाणीव होते. याच गावात २८ ऑक्टोबर १९१४ रोजी खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांनी पायदळाप्रमाणे लढून जबर हानी सोसली होती.

पद्धतीच्या मर्यादा :
कोणाची कहाणी सांगता येते, हे उपलब्ध साधनांवर अवलंबून असते. युद्ध-दैनंदिनीत ब्रिटिश अधिकाऱ्यांची नावे येतात. भारतीय शिपायांची बहुधा केवळ संख्या येते. अनेक शिपाई निरक्षर असल्याने पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेत. ती तपासली जातात हे ठाऊक असल्याने पुष्कळ गोष्टी आडवळणाने लिहिल्या जात. आज त्यांतील बहुतांश मजकूर तपासनिसांनी केलेल्या इंग्रजी अनुवादांतूनच उपलब्ध आहे. परिणामी पदकविजेत्याची कहाणी वारंवार सांगितली जाते आणि सामान्य शिपाई, मजूर व खेचरवाले मागे राहतात.

मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात लढल्या. तेथील बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; इतर शिपायांची मात्र पलटणवार संख्याच नोंदविण्यात आली. अशा विषम स्मरणाची कबुली आयोगाने २०२१ च्या अहवालात दिली आहे.

निष्कर्ष :
एका सैनिकाचा मागोवा घेतल्याने युद्धाचे मानवी मोल कळते. तथापि तो सैनिक सर्वांचा प्रतिनिधी ठरत नाही. म्हणून मार्गदर्शकाने ज्ञात कहाणीबरोबरच इतरांच्या कहाण्या का उरल्या नाहीत, हेही सांगणे अगत्याचे आहे. तसे झाल्यासच रणभूमी-दर्शन हे केवळ शौर्यकथन न राहता इतिहासाचे अध्ययन ठरेल.