कंपवाताची वाट : लेखांक पाचवा

मागील लेखांकात आपण पाहिले की, जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंचे परीक्षण करून २००३ साली असे प्रतिपादन केले, की आल्फा-सिन्यूक्लीन या १४० अमिनो आम्लांच्या प्रथिनाचे विकृत पुंज मेंदूत सर्वत्र एकाच वेळी न उद्भवता, व्हेगस चेतेच्या मूलस्थानापासून व गंधकेंद्रापासून एका ठरावीक क्रमाने पसरत जातात. परंतु मृताच्या मेंदूवरून क्रमाचे अनुमान करता येते, कार्यकारणभाव सिद्ध करता येत नाही. त्यासाठी आरंभस्थान संशोधकाच्या स्वाधीन असेल असा सजीव मेंदू हवा होता, आणि तो उंदराच्या रूपाने उपलब्ध झाला.

पेन्सिल्व्हानिया विद्यापीठात केल्विन लुक, व्हर्जिनिया ली व त्यांचे सहकारी यांनी सामान्य, निरोगी उंदरांच्या मेंदूतील स्ट्रायटम या भागात प्रयोगशाळेत सिद्ध केलेले तंतुरूप सिन्यूक्लीन केवळ एकदाच टोचले, आणि २०१२ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. टोचलेल्या द्रव्याचे कार्य विरजणाचे : ते पेशीतील मूळच्या सुस्थित प्रथिनाला आपल्यासारखी विकृत घडी घालावयास लावते, म्हणूनच ज्या उंदरांत हे प्रथिन जन्मतःच नसते, त्यांच्यात ही विकृती मूळ धरीत नाही. (ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे त्यांनी यावरून भयभीत होऊ नये, हा प्रसार एकाच मेंदूतील पेशीपेशींमधला आहे, शुश्रूषेने किंवा सहवासाने हा रोग जडत नाही.)

सहा महिन्यांत त्या उंदरांच्या सबस्टॅन्शिया नायग्रामधील डोपामाइन निर्माण करणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या व त्यांच्या हालचाली बिघडल्या. मात्र त्याला अगदी लागून असलेल्या भागातील तशाच पेशी बचावल्या. हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. विकृती केवळ शेजाराने पसरत असती, तर हा भेद संभवला नसता. नायग्रातील पेशींचे तंतू टोचणीच्या जागेपर्यंत पोचलेले असतात, आणि त्याच तंतूंवरून विकृती उलट दिशेने मूळ पेशीपर्यंत चालून आली.

२०१९ साली याच विद्यापीठातील मायकेल हेंडरसन प्रभृतींनी मेंदूच्या शंभराहून अधिक भागांतील विकृतीची पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या महिन्यांत मोजदाद केली आणि सिएटलच्या ॲलन संस्थेने तयार केलेल्या चेतातंतूंच्या नकाशाशी ती ताडून पाहिली. जोडणीच्या आधारे मांडलेल्या गणिताने प्रसाराचे भाकीत बऱ्याच अंशी बरोबर वर्तविले. तरीही काही भाग अपेक्षेहून अधिक ग्रासले गेले, काही कमी. या तफावतीचा एक उलगडा असा, की ज्या भागात सिन्यूक्लीनच्या जनुकाचा अंमल अधिक, तो भाग अधिक दुर्बल. म्हणजे वाट तंतू दाखवितात, पण वस्तीला जागा मिळेल की नाही हे पेशीची घडण ठरविते. आणि माझ्या मते उपचारांची दिशा शोधताना या दुसऱ्या गोष्टीकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे.

आतड्यात पेरलेली विकृती व्हेगस चेतेवाटे उंदराच्या मेंदूत कशी पोचते, आणि ती चेता छेदल्यास काय घडते, हा पुढील लेखांकाचा विषय.