कमानीवर कोण, पायाखाली कोण?

सात रस्त्यावर मिरवणुकीच्या दिवसांत स्वागत कमान लागली की कुणाचा फोटो मोठा आणि कुणाचा कोपऱ्यात, हे आपण जाता जाता टिपतो. आज तशीच गोव्यातली एक दगडी कमान पाहू.

जुन्या गोव्यात मांडवीच्या काठावर व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये भारतात आला. त्याला शंभर वर्षं होताना त्याचा पणतू फ्रान्सिस्को व्हाइसरॉय होता, त्यानं ती बांधली. (आज दिसते ती १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली.) नदीकडून वास्को उभा दिसतो. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरला की त्याच्या पुतळ्याखालूनच शहरात शिरायचा. फ्रान्सिस्कोवर चिडलेल्यांनी त्याची मुदत संपताना हाच पुतळा ओढून फोडला. राग पणतूवर, मार दगडी पणजोबाला! पुढं तो पुन्हा बसवला.

शहराच्या बाजूला मात्र बाई आहे. हातात तलवार, पायाखाली पडलेला पुरुष. तुळजापूरला जाणाऱ्या आपल्याला वाटेल, ही महिषासुरमर्दिनीच. पण ही संत कॅथरीन. तिच्या सणाला, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, अल्बुकर्कनं आदिलशाहीकडून गोवा घेतला. युरोपात तिच्या पायाखाली तिला छळणारा रोमन सम्राट दाखवतात. इथं त्या जागी इथलाच माणूस आला. मला खटकतं ते हेच. छळणाऱ्या बादशहाला उत्तर देणारी शिकलेली पोर, आणि तिलाच जिंकणाऱ्यांची निशाणी करून टाकलं. बरं, त्या कमानीखालून व्हाइसरॉय म्हणून एकही बाई कधी आली नाही.

कमानीवरून गाऱ्हाणंही मांडता येतं. १६३५ मध्ये अँटवर्प शहरात नवा स्पॅनिश सुभेदार येणार होता. चित्रकार रूबेन्सनं त्याच्यासाठी लाकडाच्या, रंगवलेल्या कापडाच्या कमानी आखल्या, आपल्या मांडवांसारख्याच तात्पुरत्या. बहुतेकींवर पाहुण्याचा जयजयकार. एकीवर मात्र व्यापाराचा देव शहर सोडून निघालेला, नदी म्हणजे पायांत बेड्या पडलेला म्हातारा, आणि शहर म्हणजे गुडघे टेकून विनवणारी बाई. नदीचा मार्ग अडवल्यामुळं तिथलं बंदर बसलं होतं, धंदा गेला होता. गिरण्या बंद पडलेल्या आपल्या गावाला ते चित्र समजावून सांगावं लागणार नाही.