प्रेक्षकाच्या वाट्याचा विश्वचषक

विरारहून निघालेली लोकल मरीन लाइन्स सोडून चर्चगेटकडे मंदावू लागली, की उजव्या हाताच्या खिडक्यांतून वानखेडे स्टेडियम इतके निकट दिसते की सामन्याच्या दिवशी आतला जयघोष डब्यात उभ्या असलेल्यांच्याही कानी पडावा. आणि तरीही वसई, नालासोपारा, विरार येथून पोटापाण्यासाठी रोज या रुळांवरून ये-जा करणाऱ्या असंख्य लोकांपैकी विश्वचषकाचा एखादा सामना त्या भिंतीच्या आत बसून पाहण्याचे भाग्य ज्यांना लाभले, अशी माणसे शोधूनच काढावी लागतील. माणसे फार आणि मैदान लहान, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण खोटे नाही. परंतु ते अर्धेच आहे.

उरलेले अर्धे कारण 2011 साली सर्वांसमक्ष उघडे पडले. 2 एप्रिलच्या ज्या अंतिम सामन्यात गंभीरच्या 97 आणि धोनीच्या नाबाद 91 धावांनी अठ्ठावीस वर्षांनंतर भारताला विश्वचषक मिळवून दिला, त्या सामन्याच्या सुमारे 33,000 आसनांपैकी सर्वसामान्य जनतेला विकण्यासाठी अवघी 4,000 उरली होती. वीस हजारांच्या आसपास आसने मुंबई क्रिकेट संघटनेशी संलग्न असलेल्या क्लबांकडे गेली होती आणि सुमारे साडेआठ हजार आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या वाट्याची होती. जनतेच्या हिश्श्यातली काही तिकिटे ऑनलाइन विक्रीस निघाली तेव्हा ग्राहकांच्या लोंढ्याखाली संकेतस्थळच कोसळले; आणि त्याच आठवड्यात बंगळुरूला भारत-इंग्लंड सामन्याच्या तिकिटांसाठी रांगेत तिष्ठणाऱ्या लोकांवर पोलिसांची लाठी चालली.

या वाटपात नियमबाह्य असे काही नव्हते, हीच त्यातली मर्माची गोष्ट आहे. मैदान चालवते ती राज्य संघटना. ती संघटना म्हणजे संलग्न क्लबांचा समुच्चय. त्या क्लबांची मते अध्यक्ष निवडतात, म्हणून आसनांवरील त्यांचा हक्क वहिवाटीने पक्का झालेला. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय परिषद यजमानपदाच्या करारातच पुरस्कर्त्यांसाठी व पाहुण्यांसाठी आपला हिस्सा राखून ठेवते. मानकऱ्यांच्या दोन पंक्ती उठल्यावर पातेल्यात जे उरेल ते तिसऱ्या पंक्तीला वाढावे, तसा तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाचा क्रम लागतो.

वानखेडे स्टेडियमचा जन्म मुळी आसनांच्या तंट्यातूनच झाला, हे स्मरले म्हणजे या प्रश्नाची मुळे किती खोल आहेत ते ध्यानात येते. ब्रेबॉर्न स्टेडियमची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडे. मुंबईच्या क्रिकेट संघटनेला तेथे मिळणाऱ्या आसनांच्या संख्येवरून दोघांत वर्षानुवर्षे बेबनाव. आणि अखेर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने संघटनेने हाकेच्या अंतरावर आपले स्वतंत्र मैदान बांधले, जेथे जानेवारी 1975 मध्ये पहिला कसोटी सामना झाला. त्या तंट्यात संघटना वादी होती आणि क्लब प्रतिवादी. ज्याच्या गर्दीवर दोघांचा डोलारा उभा, तो सामान्य प्रेक्षक कोणाच्याही कैफियतीत पक्षकार नव्हता, आणि आजही नाही.

म्हणून विश्वचषक प्रेक्षकांसाठी सुधारायचा, तर पहिली सुधारणा आसनांच्या फेरिस्तीपासून व्हावयास हवी. तिकीटविक्री सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मैदानाची एकूण आसने किती, त्यांपैकी क्लबांना, पुरस्कर्त्यांना, शासकीय अधिकाऱ्यांना व पाहुण्यांना किती, आणि जनतेला किती, याचा जाहीरनामा काढण्याची सक्ती यजमानपदाच्या करारातच घालावी, आणि निम्मी तरी आसने जनतेची असावीत असा दंडकही त्यातच असावा. ही जनतेची आसने सोडतीने वाटावीत. म्हाडाच्या विरार-बोळींजच्या घरांसाठी अनामत रक्कम भरून ज्यांनी नशीब अजमावले आहे, त्यांना सोडत म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही; विम्बल्डनसारखी मानाची स्पर्धाही आपली पुष्कळशी तिकिटे याच रीतीने वाटते. सोडतीत नाव न लागल्याचे दुःख होईल, पण कामाच्या वेळी मोबाइलकडे टक लावून बसण्याची आणि आपली बोटे दुसऱ्यापेक्षा मंद ठरल्याची चुटपुट तरी लागणार नाही.

याच पद्धतीला तिकीट परत विकण्याच्या सोयीची जोड हवी. 2019 साली लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्याची तिकिटे भारतीय प्रेक्षकांनी आगाऊ घेऊन ठेवली होती. भारत उपांत्य फेरीत हरल्यावर न्यूझीलंडच्या जेम्स नीशमला त्यांना जाहीर विनंती करावी लागली, की येणार नसाल तर तिकिटे अधिकृत मार्गाने परत विका. विम्बल्डनला तर लवकर निघणाऱ्या प्रेक्षकाचे आसन त्याच दिवशी अल्प दरात दुसऱ्याला मिळते आणि तो पैसा धर्मादाय कामी लागतो. उलट 2023 च्या विश्वचषकाचा अहमदाबाद येथील उद्घाटनाचा सामना सुरू झाला तेव्हा सव्वा लाखाहून अधिक आसनांच्या त्या मैदानात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा जगाने दूरदर्शन संचावर पाहिल्या.

दुसरी सुधारणा पंचांगाची. 2019 च्या विश्वचषकाचे वेळापत्रक एक वर्षाहून अधिक काळ आधी प्रसिद्ध झाले होते. 2023 चे झाले ते 27 जून रोजी, म्हणजे स्पर्धेच्या शंभर दिवस आधी. त्या काळी रेल्वेचे आरक्षण एकशेवीस दिवस आधी खुले होत असे. म्हणजे सामने कोठे आणि कधी हे प्रेक्षकाला समजण्यापूर्वीच स्पर्धेच्या आरंभीच्या दिवसांतील गाड्यांचे आरक्षण खुले झालेले. हे वरातीमागून घोडे एवढ्यावरही थांबले नाही. 9 ऑगस्टला नऊ सामन्यांच्या तारखा वा वेळा बदलल्या आणि भारत-पाकिस्तान सामना 15 ऑक्टोबरवरून 14 वर आला. अहमदाबादची गाडी वसई-विरारवरूनच जाते, त्यामुळे त्या सामन्याची ओढ इथल्या घराघरांत होती; आणि ज्यांनी मोठ्या हिकमतीने येण्याजाण्याचे आरक्षण साधले होते, त्यांना ते रद्द करून नव्याने धावाधाव करणे प्राप्त झाले. भर म्हणून, मोबाइलवर पैसे भरूनही कागदी तिकीट हाती आल्यावाचून प्रवेश नव्हता. आता आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. वेळापत्रक निदान सहा महिने आधी जाहीर व्हावे आणि त्यानंतर तारीख बदलल्यास प्रवासाची तोशीस आयोजकांनी सोसावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

तिसरी सुधारणा घरी परतण्याची. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला आणि दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी नमवून भारताने प्रथमच तो विश्वचषक जिंकला, तेव्हा मध्यरात्र होत आली होती. त्या स्पर्धेत तिकिटांचा दर शंभर रुपयांपासून ठेवला होता, याबद्दल आयोजकांना शाबासकी द्यावीच लागेल. पण शंभर रुपयांत आत गेलेल्या विरारच्या मुलीला कुर्ल्याला आणि दादरला गाडी बदलून घर गाठायचे असते, आणि त्या वेळी शेवटची लोकल हाच तिचा खरा प्रतिस्पर्धी असतो. 2006 साली जर्मनीत फुटबॉलच्या विश्वचषकाच्या तिकिटावरच यजमान शहरातला सार्वजनिक प्रवास मोफत होता, आणि 2024 च्या युरो स्पर्धेतही तीच तजवीज होती. 31 डिसेंबरच्या रात्री चर्चगेट-विरार जादा गाड्या सोडण्याचा पश्चिम रेल्वेचा प्रघात आहे. मग सामन्याच्या रात्री आयोजकांच्या खर्चाने अशी एखादी गाडी सोडण्यात अशक्य असे काय आहे?

प्रवेशद्वाराशी होणारी अडवणूकही याच सदरात येते. कचेरीतून थेट मैदान गाठणाऱ्या विरारकराच्या खांद्याला पिशवी असते आणि पिशवीत डबा. त्यातली एकही वस्तू आत नेता येत नाही, आणि साठ किलोमीटरांवरून आलेल्या माणसाला ती घरी ठेवून येता येत नाही. चर्चगेट स्थानकालगत पावती घेऊन सामान ठेवण्याची सोय एवढा याचा साधा उपाय आहे. 2023 साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने प्रेक्षकांना पिण्याचे पाणी मोफत दिले, त्यावरून अशा गोष्टी मनात आणल्या की होतात, हे सिद्धच आहे.

राहता राहिले ते, ज्यांचे नाव कोणत्याही सोडतीत लागणार नाही असे बहुसंख्य लोक. 2015 पासून आयपीएलचे सामने लहानमोठ्या शहरांत मोठ्या पडद्यावर विनामूल्य दाखवले जातात. 2011 च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या वसई-विरार शहरात विश्वचषकाच्या काळात असा पडदा कायम का असू नये? पृथ्वी शॉ विरारहून आणि शार्दूल ठाकूर पालघरहून किट खांद्याला लावून याच रेल्वेने मुंबईच्या मैदानांवर जात राहिले व भारताच्या संघापर्यंत पोहोचले. ज्या पट्ट्याने खेळाडू दिले, त्यातल्या प्रेक्षकांचे एवढे देणे खेळाच्या कारभाऱ्यांकडे लागतेच.

2029 ची चॅम्पियन्स करंडक स्पर्धा भारतात आहे, आणि 2031 चा विश्वचषक भारत व बांगलादेश यांच्याकडे आहे. म्हणजे करारमदार नीट लिहून घेण्यास अवधी पुरेसा आहे. पडदा, पाणी, पिशवी, जादा गाडी या साऱ्या सोयी आहेत, आणि सोयी मागून मिळतात, कधी न मागताही मिळतात. आसनांचा हिशेब हा मात्र हक्क आहे. तो जाहीर झाला, की बाकीच्या गोष्टींसाठी कोणाला जाब विचारायचा, हे प्रेक्षकाला आपोआप कळेल. तेव्हा पुढल्या स्पर्धेची तिकिटे विक्रीस निघतील त्या दिवशी, दर किती हे विचारण्याआधी, जनतेसाठी आसने किती ठेवली आहेत हा प्रश्न वसई-विरारच्या प्रेक्षकाने लेखी विचारावा, आणि उत्तरही लेखीच मागावे.